नशिबाचा जमाखर्च

मिरज,
कार्तिकी एकादशी

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा तू म्हणाली होतीस, "आई, माझं नशीबच फुटकं." परवा रूममेटला नोकरी लागल्याचं सांगताना पुन्हा तेच म्हणालीस. तेव्हा मी गप्प राहिले, कारण निकालाच्या दिवशी गणित मांडून बसणारी आई कुणालाच नको असते. आता पाच महिने झालेत आणि पुढची पूर्वपरीक्षा सहा महिन्यांवर आहे, म्हणून लिहिते.

नशीब म्हणताना आपण एकाच पिशवीत तीन वेगळे जिन्नस भरतो. एक निव्वळ योगायोग, जो कुणाच्या हातात नसतो पण मोजता येतो. दुसरं, समोर आलेली गोष्ट दिसणं किंवा न दिसणं. आणि तिसरं, आपण किती दारं ठोठावली तो आकडा. पिशवी उचलली की सगळ्याचं मिळून एकच वजन लागतं. ती एकदा ओतून बघू.

आधी तुझा पेपर. अभ्यासक्रमातून विचारता येतील असे प्रश्न हजारो आहेत, त्यातले १०० त्या सकाळी आले. पोत्यातला गहू कसा आहे ते मूठभर काढून बघतात, तसं. समज, त्या हजारोंपैकी बरोबर निम्मे तुला पक्के येतात. तरी मुठीत दर वेळी पन्नासच येतील असं नाही. साधारण तीन वेळांपैकी दोनदा आकडा ४५ ते ५५ च्या मध्ये पडेल, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. एका प्रश्नाला २ गुण. म्हणजे तयारीत तसूभर फरक न पडता गुण १० ने वर जातात किंवा १० ने खाली येतात. शिवाय प्रश्न विषयांच्या गठ्ठ्याने येतात. तुझा कच्चा विषय जास्त आला की एकदम चार-पाच प्रश्न हातचे जातात. त्यामुळे खरे हेलकावे याहून मोठेच असतात.

त्यात रेषाही हलती. खुल्या गटाचा पूर्वपरीक्षेचा कटऑफ २०२२ ला ८८.२२ होता, २०२३ ला ७५.४१ आणि २०२४ ला ८७.९८. यावरून २०२३ ची मुलं नशीबवान होती असं समजू नकोस. पेपर सगळ्यांनाच जड गेला म्हणून रेषा खाली आली. पण कुणाचा कोणता विषय पक्का आणि त्या वर्षी नेमकं काय जड गेलं, याची सांगड पडणं हा योगायोगच.

क्लासच्या उत्तरतालिकेप्रमाणे तू तीन गुणांनी हुकलीस. तीन गुण म्हणजे दीड प्रश्न. दीड प्रश्नावरून नशीब फुटकं ठरत नाही. दीड प्रश्नावरून "तशी माझी तयारी झालीच होती" हेही ठरत नाही, आणि या दुसऱ्या वाक्यापाशी थोडी थांब. रेषेपासून वीस गुण वर असणाऱ्याला हे हेलकावे सहसा बुडवत नाहीत. काठावर उभं राहणाऱ्याचा निकाल मात्र दर वर्षी नाणं उडवल्यासारखा लागतो. योगायोगावरचा उपाय काठापासून लांब जाणं हाच आहे, आणि तो तुझा तुलाच माहीत आहे.

आता तुक्का. तुमच्या अभ्यासिकेत यावर दोन पंथ असतील, मारावाच म्हणणारे आणि मारूच नये म्हणणारे. दोघेही अंदाजपंचे दाहोदरसे बोलतात. हिशेब साधा आहे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला एक तृतीयांश कापतात, म्हणजे ०.६६. चार पर्यायांत काहीच माहीत नसताना चार प्रश्नांवर खूण केली तर सरासरी एक बरोबर येतो, २ मिळतात. तीन चुकतात, २ जातात. हाती शून्य. पण हे सरासरीचं शून्य. असे २० आंधळे तुक्के मारलेस तर तीनपैकी दोन वेळा निकाल उणे ५ ते अधिक ५ च्या दरम्यान कुठेतरी पडतो. म्हणजे गुण न वाढवता आपण नुसते हेलकावे विकत घेतले. रेषेच्या वर असशील तर हे नुकसानीचं, बरीच खाली असशील तर एक वेळ समजण्यासारखं.

एक पर्याय खात्रीने कापता आला की चित्र बदलतं. उरलेल्या तिनांतून एक निवडला तर प्रश्नामागे सरासरी ०.२२ गुण पदरात पडतात. दोन कापता आले तर ०.६७. असे २० प्रश्न असतील तर १३ गुण, आणि तू हुकलीस ३ गुणांनी. म्हणून प्रश्न तुक्का मारावा की नाही हा नाहीच. आपली काट किती खरी आहे हा आहे.

ते तपासता येतं. सराव पेपरात प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलने एक अक्षर लिही. पक्कं येतं तिथे 'प'. दोन पर्याय उरले तिथे 'द'. तीन उरले तिथे 'त'. काहीच माहीत नसेल तिथे 'आ', आंधळा. दहा पेपर झाले की प्रत्येक अक्षराचे किती बरोबर आले ते मोज. 'द' वाल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बरोबर आले पाहिजेत. चाळीस टक्क्यांच्या खाली असतील तर तू कापताना बरोबर पर्यायच कापते आहेस. हे बहुधा दोन ठिकाणी होतं. एक, 'फक्त', 'नेहमी', 'सर्व' असे शब्द दिसले की पर्याय खोटा, हा क्लासचा फॉर्म्युला. पेपर काढणाऱ्यांनाही तो माहीत असतो. दोन, एखादं नाव ओळखीचं वाटलं की ते उत्तर वाटायला लागतं. ओळखीचं वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे. शंभरात २५ च्या खाली गेलीस तर आंधळ्या माणसाने जास्त मिळवले असते, मग त्या विषयात खूणच करू नकोस. आणि 'प' चे ९० टक्क्यांच्या खाली असतील तर मला तुक्क्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटेल.

(नीट देणाऱ्या मावसभावाला हे जसंच्या तसं सांगू नकोस. तिथे बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असतात, त्यामुळे आंधळा तुक्कासुद्धा प्रश्नामागे पाव गुण देतो. दर परीक्षेचं वेगळं.)

"सलग चार 'ब' आले, आता 'क' येणार" असं तुला वाटतं का? सगळ्यांना वाटतं. नाणं शंभर वेळा उडवलं तर कुठेतरी सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे येण्याची शक्यता ९७ टक्के असते. माणसाला सांगितलं की मनानेच शंभर छापे-काटे लिही, तर तो चारच्या पुढे सहसा जात नाही. त्याला ते 'खोटं' वाटतं. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला आणि "आता तरी लाल" म्हणत लोकांनी पैसे घालवले. चक्राला मागचं काही आठवत नसतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर नाणेफेक घे. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून मार्च २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत भारत एकदिवसीय सामन्यांत सलग १५ नाणेफेकी हरला. त्यातल्या सलग १२ एकट्या रोहित शर्माच्या, ब्रायन लाराच्या विक्रमाशी बरोबरी. विशिष्ट १५ फेकी सलग हरण्याची शक्यता ३२ हजार ७६८ मध्ये एक. ऐकायला भयंकर, पण इतके संघ इतकी वर्षं इतके सामने खेळतात की कुणावर तरी अशी पाळी यायचीच. ती आली की आपण त्या एकाचं कपाळ वाचायला बसतो. खरी मजा पुढे आहे. त्या करंडकात भारत पाचही सामन्यांत नाणेफेक हरला आणि पाचही सामने जिंकला. चार वेळा पाठलाग करून, एकदा आधी फलंदाजी करून. समोरच्याने काहीही निवडलं तरी चालेल अशी बांधणी होती. काठापासून लांब म्हणतात ते हे.

योगायोगाला आपल्याकडे फार जुनी आणि नेमकी नावं आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ, तो काकतालीय न्याय. लाकूड पोखरताना किड्याच्या वाटेतून चुकून अक्षर उमटतं, तो घुणाक्षर न्याय. दोन्हींत गंमत अशी की कावळ्याला आणि किड्याला काही सांगायचंच नसतं. अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. ज्या लाखो कावळ्यांच्या बसण्याने फांदी तुटली नाही त्यांची म्हण होत नाही. म्हणून मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं, असं कुणी म्हणालं की कागदावर चार खाने आख. मांजर गेलं, बिघडलं. मांजर गेलं, बिघडलं नाही. मांजर नाही, बिघडलं. मांजर नाही, बिघडलं नाही. आपल्याला फक्त पहिला खाना आठवतो. चारही भरल्याशिवाय काहीच सांगता येत नाही, आणि चारही भरण्याचा धीर असलेल्या माणसाला मांजराची भीती उरत नाही.

आता तुझं पेन. सप्टेंबरमध्ये सराव पेपर फार वाईट गेला, मग तू पेन आणि बसायची जागा दोन्ही बदललंस आणि पुढचे दोन पेपर बरे गेले. त्याचं कारण पेनात नाही. गुण म्हणजे तयारी अधिक त्या दिवशीचा हेलकावा. सगळ्यात वाईट पेपर तोच, ज्यात हेलकावा जोरात खाली गेला होता. पुढच्या वेळी तो तितकाच खाली जाणं अवघड, म्हणून आकडा आपोआप सरासरीकडे परततो. तू पेन बदललंस काय, उपास केलास काय किंवा काहीच केलं नाहीस काय. डॅनियल कानेमन यांनी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांत हेच पाहिलं. चांगल्या उड्डाणाची स्तुती केली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि वाईटावर ओरडलं की सुधारतं, अशी त्या प्रशिक्षकांची खात्री झाली होती. खरं तर दोन्ही वेळा आकडे नुसते मधे परतत होते. उलटी बाजूही लक्षात ठेव. सर्वोत्तम पेपरानंतरचा पेपर बहुतेक वेळा खाली येणार. त्या दिवशी "दृष्ट लागली" म्हणू नकोस.

हातगुण हा शब्द याच चुकीतून फुगतो. दुखणं अगदी टोकाला गेल्यावर आपण डॉक्टर बदलतो, टोकाला गेलेलं दुखणं बऱ्याचदा उतरणीलाच लागलेलं असतं, आणि नव्या डॉक्टरला हातगुण मिळतो. पायगुण मात्र निरुपद्रवी नाही. दुकान, पीकपाणी, सासऱ्याचं दुखणं, सगळं एका मुलीच्या पावलांच्या खात्यावर लिहायचं आणि त्यातही फक्त पहिला खाना भरायचा. चांगला पायगुण म्हणून कौतुक झालं तरी ते घेऊ नकोस. जी वही तुझ्या नावावर जमा मांडते तीच उद्या खर्चही मांडेल.

हुकण्याबद्दल एक. पाय मोडलेल्या माणसाला बघायला गेलं की सगळे म्हणतात, "नशीब बलवत्तर म्हणून वाचला." नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हाल्वोर टायगेन यांनी यावर बरंच काम केलं. माणसं स्वतःला सुदैवी म्हणतात ती बहुतेक वेळा काही चांगलं घडल्यामुळे नव्हे, फार वाईट काहीतरी अगदी जवळून गेल्यामुळे. दुर्दैवी म्हणतात ती चांगलं काहीतरी हातभर अंतरावरून गेल्यामुळे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी तपासले, तर कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांहून आनंदी दिसले. एकाला 'पदकच हुकलं असतं' दिसत होतं, दुसऱ्याला 'सोनं हुकलं'. तुला तीन गुणांचं दुःख तीस गुणांपेक्षा जास्त होतंय ते याच कारणाने. दुःख खरं आहे. पण ते अंतर मोजतं, नशीब मोजत नाही.

योगायोग पुरे झाला. दिसण्या-न-दिसण्याकडे येते, कारण इथे तुझ्या हातात बरंच आहे.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठातले रिचर्ड वाइझमन यांनी स्वतःला नशीबवान किंवा कमनशिबी म्हणवणाऱ्या शेकडो लोकांचा काही वर्षं अभ्यास केला. त्यातला एक प्रयोग असा. प्रत्येकाला एक वर्तमानपत्र दिलं आणि त्यातली छायाचित्रं मोजायला सांगितली. कमनशिबी म्हणवणाऱ्यांना सरासरी दोन मिनिटं लागली, नशीबवान म्हणवणाऱ्यांना काही सेकंद. दुसऱ्याच पानावर, अर्धं पान भरून, दोन इंचांहून मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: मोजणं थांबवा, या वर्तमानपत्रात ४३ छायाचित्रं आहेत. कमनशिबी मंडळी तेही ओलांडून चित्रं मोजत राहिली. यातून नशीब सिद्ध होत नाही. वाइझमन यांच्या कसोट्यांत ही मंडळी जास्त ताणलेली आढळली होती, आणि ताण आला की नजर अरुंद होते, एवढंच मी यातून घेते. पण एवढंही पुष्कळ आहे.

परीक्षेत याचं नाव 'सिली मिस्टेक'. 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' यातलं 'चुकीचे' न दिसणं. त्यावर उपाय हाताचा आहे, मनाचा नाही. प्रश्न वाचताना 'नाही', 'चूक', 'केवळ' आणि 'किती विधाने' या शब्दांखाली प्रश्नपत्रिकेवर रेघ ओढायचीच, येत असलेल्या प्रश्नातही. दर २५ प्रश्नांनंतर पेन खाली ठेवून तीन सावकाश श्वास घ्यायचे आणि ओएमआरवरचा, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवरचा, क्रमांक जुळवून बघायचा. याला अर्धा मिनिट लागतो. एक गोल खाली सरकला की पुढचे सगळे सरकतात, आणि मग घरी येऊन कुणीतरी नशिबाला शिव्या घालतं.

परीक्षेबाहेरही तसंच. तू सध्या खोली, अभ्यासिका, मेस आणि परत खोली अशी फिरतेस. त्यात गैर काही नाही, पण या चौकोनात नवीन काही शिरायला फटच नाही. आठवड्यातून एकदा मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बस. अभ्यासिकेचा सूचनाफलक रोज ओझरता बघण्यापेक्षा शनिवारी एकदा उभं राहून पूर्ण वाच, तुझ्या कामाच्या नसलेल्या चिठ्ठ्यांसकट. रोज एका माणसाशी मतलबाशिवाय दोन मिनिटं बोल. बास. याहून जास्त ठरवलंस तर चौथ्या दिवशी सोडशील.

आणि आता तुझी रूममेट. "तिच्या काकांच्या मित्राच्या ओळखीने लागली, नशीब लागतं" असं तू म्हणालीस. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. क्वचित भेटणारे २७.८ टक्के. त्यावरचा त्याचा निबंध १९७३ चा. कारण सरळ आहे. तुझ्या जिवलग मैत्रिणींना जे माहीत आहे ते तुलाही माहीत असतंच, कारण तुम्ही सगळ्या एकाच टेबलावर जेवता. नवी खबर लांबच्या माणसाकडून येते. तिच्या काकांचा मित्र हा अपवाद नव्हताच.

स्पर्धा परीक्षेबरोबर दुसरी वाट उघडी ठेवायची असं तूच ठरवलं आहेस, तर ती अशी उघड. मागच्या सहा-सात वर्षांत ओळख झालेली, पण सहा महिन्यांत बोलणं न झालेली २० नावं लिही. शाळेतली, एनएसएसच्या शिबिरातली, कॉलेजचे सीनियर, इंटर्नशिपच्या ठिकाणचे साहेब, जुन्या वाड्यातले शेजारी. आठवड्याला चार जणांना निरोप पाठव, त्याहून जास्त नको, कारण उत्तरं आली की त्यांच्याशी नीट बोलायला वेळ लागतो. निरोप पाच ओळींच्या आत. पहिल्या ओळीत ओळख कुठली ते. दुसरीत त्यांच्याबद्दल एक खरी, नेमकी गोष्ट. मग तू काय करतेस आणि काय शोधतेस, जागेच्या आणि कामाच्या नावासकट. शेवटी एकच प्रश्न, जो पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा. "तुमच्या संस्थेत संशोधन सहायक घेताना अर्ज कुठे टाकतात?" हा प्रश्न झाला. "काही असेल तर बघा ना" हा प्रश्न नाही, ते समोरच्यावर टाकलेलं ओझं आहे आणि माणसं ओझं बाजूला ठेवतात. सगळ्यांना एकच मजकूर फॉरवर्ड केलास तर तो वाचणाऱ्याला लगेच कळतो. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण कर, दुसऱ्यांदा नाही. आणि मदत झाली, न झाली, महिन्याभराने काय झालं ते कळव. हे शेवटचं जवळजवळ कुणीच करत नाही.

आता आकडा बघ. समज, एका निरोपातून काही हाती लागण्याची शक्यता अवघी ५ टक्के आहे. एका निरोपाने काहीच होणार नाही, हे तू आधीच सांगू शकतेस. दहांनंतर निदान एकदा यश येण्याची शक्यता ४० टक्के होते, वीसांनंतर ६४, चाळीसांनंतर ८७. बाहेरून बघणाऱ्याला फक्त लागलेला एक दिसतो आणि तो म्हणतो, काय नशीब काढलंय! पण एक अट आहे. चाळीस प्रयत्न खरोखर वेगळे हवेत. चुकीचा फोन नंबर छापलेला तोच बायोडेटा चाळीस ठिकाणी पाठवला तर तो एकच प्रयत्न झाला. म्हणून दर पाच निरोपांनंतर मजकूर पुन्हा वाच आणि काहीतरी बदल.

टॉपरच्या सत्कारांना जातेस तेव्हाही हाच चष्मा लाव. पहाटे चारला उठलो, मोबाइल बंद केला, एकच पुस्तक दहा वेळा वाचलं. हे सगळं खरंच असेल. पण पहाटे चारला उठून, मोबाइल बंद करून, तेच पुस्तक दहा वेळा वाचून जे हुकले त्यांना कुणी शाल-नारळ देऊन व्यासपीठावर बोलावत नाही. लाखो जण बसतात आणि शेवटी हजारच्या आसपास निवडले जातात, तिथे वरच्या फळीत सगळेच तयारीचे असतात. सगळेच तयारीचे असले की उरलेला फरक योगायोग पाडतो. म्हणून यादीत आलेल्याची तयारी खरी, आणि त्याच्या शेजारून हुकलेल्याचीही खरी.

'विश्वाला मागा, विश्व देईल' छापाच्या रील्सबद्दल मी फार लिहीत नाही. मला त्यातलं एक खुपतं. मागूनही मिळालं नाही की दोष मागणाऱ्याचा ठरतो. ज्या पोरीच्या घरचं शिवार ऐन अभ्यासाच्या वर्षी पावसाने धुऊन नेलं, तिचे विचार कमी सकारात्मक होते म्हणून नाही ते झालं. कुठल्या घरात जन्मलो, घरात कोण आजारी पडलं, अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली की नाही, हा योगायोगाचा सगळ्यात मोठा हप्ता असतो आणि तो कुणाच्याच वहीत नीट लिहिलेला नसतो. तुझ्या वहीत तो जमेच्या बाजूला लिही.

वहीचं म्हणशील तर दोनशे पानी, साधी. डाव्या पानावर रोज रात्री एक ओळ, आज न मागता काय चांगलं झालं. बस वेळेवर आली, एवढंही चालेल. वाइझमन आपल्या लोकांकडून असंच काहीसं महिनाभर करून घ्यायचे. नजर शोधायला शिकते, एवढाच त्याचा उपयोग. उजव्या पानावर मोठे निर्णय, निकाल लागायच्या आत. तारीख, पर्याय कोणते होते, कोणता घेतला, का घेतला, यश येण्याची शक्यता किती टक्के वाटते. टक्के लिहायलाच हवेत, 'बहुतेक' चालणार नाही. निकाल लागल्यावर त्याच्या खाली दोन वेगळे शेरे मार. निर्णय कसा होता, निकाल कसा लागला. हेल्मेट न घालता सुखरूप पोचलेला माणूस दुसऱ्या शेऱ्यात पास आणि पहिल्यात नापास. निकाल लागल्यानंतर मागे वळून 'मला वाटलंच होतं' लिहायची सोय राहत नाही, म्हणून शाईने लिही. वर्षभराने जिथे जिथे ७० टक्के लिहिलं होतंस तिथे दहापैकी सातच्या आसपास खरे ठरले का ते मोज. पाचच खरे ठरले असतील तर तुझं नशीब वाईट नाही, तुझा अंदाज फाजील आहे, आणि तो दुरुस्त होतो.

पुढच्या रविवारी बाबा पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर वही आणि चकल्या पाठवते. 'द' आणि 'त' चे आकडे दहा पेपरांनंतर मला कळव, मला खरोखर उत्सुकता आहे.

तुझी,
आई

ता. क. आजीने गणपतीचा अंगारा दिला आहे. सुदैवी वस्तू जवळ असली की काम सुधारतं, असं २०१० साली जर्मनीतल्या एका प्रयोगात गोल्फच्या चेंडूवर दिसलं होतं. पुढे २०१४ मध्ये जास्त माणसं घेऊन तो प्रयोग केला तर काही निघालं नाही. तरी अंगारा पाकिटात ठेव, आजीला फोनवर सांगता येईल. लकी निळं जेल पेन मात्र खोलीवरच राहू दे, ओएमआरला काळं बॉलपेनच लागतं. आणि गेट पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं.